वारं सरेपर्यंत

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४, जामखेड

आईचं ऑपरेशन झालं. पिशवी काढली. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, ट्रे पुढे धरला – "बघून घ्या." बघितलं. यातच मी नऊ महिने होते! भिंतीला धरून बाहेर आले.

माधुरी सिस्टरांनी पुढचं सगळं सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. तासातासाला दहा मोठे श्वास. खोकला आला तर पोटावर उशी धरून खोकायचं, गिळायचा नाही. उद्या उठून बसवायचं, परवा चालवायचं. वारं सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही – आतडी कामाला लागल्याची तीच खूण. आणि जबाबदार माणूस कायम जवळ हवं.

दादा ज्वारीच्या काढणीत अडकलेत. म्हणून आप्पांना विनवलं, "तुम्ही इथून हलू नका." आप्पा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. स्टूल घेऊन आईच्या पायथ्याशी बसले, उठलेच नाहीत. घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, आणि मला शाळेत घातलं ते त्यांनीच. त्यांच्याएवढं जबाबदार कोण?

बुधवार, ९ फेब्रुवारी

आईला वही दोनदा वाचून दाखवली. प्रत्येक ओळीला "व्हय." पदर तोंडावर, तोंड भिंतीकडे. उठून बस म्हटलं की डोळे मिटते. "वारं सरलं का गं?" – मी तीनदा विचारलं. "न्हाई."

ओठ फुटलेत. ओला कापूस फिरवते.

गुरुवार, १० फेब्रुवारी

पोट फुगलंय. खोकला येतो, ती गिळते. उशी तशीच बाजूला. आज मी चिडले, सगळ्या वॉर्डासमोर! "एवढं समजावून सांगते, ऐकत का नाहीस?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातून काही सांगायचं राहिलं का? वही पुन्हा पुन्हा वाचली. काही राहिलेलं नाही.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

आज लिहायला रात्र झाली. तरी लिहिते.

सकाळी डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवली. नगाऱ्यासारखा आवाज! "आतडी थांबलेली दिसतात. नाकातून नळी घालू. संध्याकाळपर्यंत फरक नाही तर नगरला हलवा. कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा उघडायचं! मी व्हरांड्यात जाऊन रडत बसले. शेजारच्या कॉटवरच्या गोजरबाई – खर्ड्याच्या, परवा अपेंडिक्स काढलंय – उशी पोटाशी धरून हळूहळू माझ्यापाशी आल्या.

"रडतीस कशापायी? त्या म्हाताऱ्याला उठीव आधी तिथनं."

"कुणाला? आप्पांना?"

"मग! थोरल्या दिराम्होरं वारं सोडंल व्हय ती? काल मला म्हनली, लई कळ येतीया, पर भावजी हायती. दाबून धरती बिचारी! त्येंच्याम्होरं कधी बाजंवर बसली न्हाई ती, आन् तू म्हनतीस कॉटवर बस. शिकलीस, पर येवढं कळंना तुला?"

घरी आप्पा ओसरीवर असले की आई चपला हातात घेऊन परसदारानं जाते. जन्मापासून बघतेय! आणि मीच त्यांना तिच्या पायथ्याशी बसवलं, त्यांच्यादेखत वारं सरलं का म्हणून विचारलं. आई मेली असती तरी बोलली नसती.

आप्पांना बाहेर नेलं. काय सांगू, कसं सांगू? शेवटी खाली बघत सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली. "माज्यापायी?" एवढंच. आणि फाटकाबाहेर निघून गेले.

सिस्टर आणि मी आईला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. चार पावलं चालवलं. डॉक्टर म्हणाले, नळी दोन तास थांबवू. एका तासात –! गोजरबाईंनी टाळी वाजवली, "पाव्हणा आला गं बाई!" आई हसली, टाक्यांवर उशी दाबून हसली. मी मात्र हुंदके देत होते.

शनिवार, १२ फेब्रुवारी

आईने पाणी घेतलं. संध्याकाळी चमचा-चमचा चहा. संडासापर्यंत चालत गेली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. आप्पा दिवसभर फाटकाबाहेर लिंबाखाली बसून. आत या म्हटलं तर मान हलवतात.

रविवार, १३ फेब्रुवारी

आप्पांना डबा द्यायला गेले. त्यांनी तो उघडलाच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तू त्या डाक्टरला सांगशील का? माज्या तोंडानं सांगवत न्हाई. लगवीतनं रगत जातंय. पोळ्यापास्नं."

पोळा होऊन सहा महिने झाले.