न फुटलेलं मत

आबा,

तुम्ही मला आमदार करायचं ठरवलंत त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिसरीच्या पोरांचे पेपर तपासत बसले होते आणि आई भाकरी करत होती. तुम्ही आत आला नाहीत, उंबऱ्यावरच थांबलात. "उद्या शाळेचा राजीनामा दे," म्हणालात. का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "दादाला उभं राहता येत नाय. तू राह." दादाला मारहाणीच्या खटल्यात शिक्षा लागली होती, अपील पडून होतं, आणि तसल्या शिक्षेनंतर निवडणूक लढवता येत नाही हे तोवर सगळ्या तालुक्याला कळलं होतं. जागा तुमची होती. साखरेच्या आजारानं तुम्हाला फार हिंडवत नव्हतं, म्हणून ती दादाला द्यायची होती, आणि दादा सुटेपर्यंत कुणीतरी ती धरून ठेवायची होती. घरात मी होते. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, मूलबाळ नसलेली, तुमच्यापुढं मान वर न करणारी. आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "आबा म्हणतेत तसं कर." मी केलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी पोरं मला सोडायला फाटकापर्यंत आली, मला रडू आवरेना, आणि तुम्ही गाडीत बसून ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगत होतात.

निवडून यायला मला काहीच करावं लागलं नाही. सभेत मी हात जोडायचे आणि बोलायचे तुम्ही. मेंढरांमागं हिंडलेला माणूस, पाचोडच्या बाजारात मेंढ्यांचे सौदे करता करता पुढारी झाला, हे लोकांना तुमच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू. मुंबईला अधिवेशनाला गेले की रोज रात्री तुमचा फोन यायचा आणि उद्या कुठल्या बाजूनं हात वर करायचा ते तुम्ही सांगायचात. मग राष्ट्रपतीची निवडणूक लागली. तुम्ही मला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात बसवलंत, पुढ्यात पेपरचा कोरा कडेचा तुकडा टाकलात आणि समजावून सांगितलंत, की राष्ट्रपती निवडायला लोक मत देत नसतात, खासदार देतात आणि राज्याराज्यांतले आमदार देतात, आणि ज्या राज्यात माणसं जास्त त्या राज्याच्या आमदाराचं मत जड. "गोव्याच्या आमदाराचं मत विसाचं. आपलं एकशे पंच्याहत्तरचं. तू एक आकडा चुकलीस म्हंजी महाराष्ट्राची एकशे पंच्याहत्तर मतं मातीत. दिल्लीत राज्यवार मोजत्यात, समदं दिसतं." आपल्या माणसाच्या नावापुढं नुसता एकचा आकडा काढायचा; शब्दात 'एक' लिहिलं तर मत बाद, सही केली तर बाद, आकडा दुसऱ्याच्या घरात गेला तर बाद. मी आकडा काढला. त्याची शेपटी खालच्या रेघेला लागली, तशी तुम्ही चष्म्याची डबी माझ्या बोटांवर मारलीत. "मास्तरीण ना तू? पोरांना काय शिकवत हुतीस?" मी परत काढला. कागद भरेपर्यंत काढत राहिले. आई शेजारी भाजी निवडत होती, तिनं एकदाही वर पाहिलं नाही. बोटं दुसऱ्या दिवशीही सुजलेली होती.

मुंबईला निघायच्या आदल्या सोमवारी तुम्ही मला वेरूळला नेता. देवळात फार गर्दी नाही. गाभाऱ्यात जायला पुरुषांना अंगातलं काढावं लागतं, तुम्ही सदरा काढून माझ्या हातात देता आणि मी पहिल्यांदाच तुमची उघडी छाती बघते, बरगड्या निघालेली, म्हातारी. मला तुमची कीव येते. दोन कार्यकर्ते मागं उभे आहेत, आई आहे. तुम्ही माझा हात धरून पिंडीवर ठेवता आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "म्हण, पक्षानं सांगितलं त्यालाच मत देईन." मी म्हणते. "दुसरीकडं दिलं तर?" मला पुढं काय म्हणायचं ते कळत नाही. तुम्हीच सांगता, "तर माझं वाटोळं होवो." मी तेही म्हणते. पिंडीवरचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळतं. परत येताना गाडीत आई माझ्या डोक्यावरून हात फिरवते, आणि मला वाटतं की मी एवढं मोठं काम करायला चालले आहे म्हणून तुम्ही मला देवापुढं उभं केलंत.

विधानभवनात आम्हाला पक्षानं बसमधून नेलं. गुलाबी मतपत्रिका होती आणि तिथलाच पेन वापरायचा होता, जांभळ्या शाईचा. आडोशाला गेल्यावर मी क्षणभर उभी राहिले. इथं कुणी बघत नव्हतं. या निवडणुकीत पक्षाच्या माणसाला मत दाखवायचंही नसतं. आयुष्यात एवढी एक जागा होती जिथं तुम्ही नव्हता, आणि तिथं मी तुम्ही सांगितलेल्या माणसापुढं एकचा आकडा काढला, शेपटी आखूड ठेवून. बाहेर येऊन तुम्हाला फोन केला. "झालं, आबा." तुम्ही "बरं" म्हणालात. त्या दुपारी मी इतर बायका आमदारांबरोबर भरपेट जेवले, गेटवेवर जाऊन फोटो काढला, आणि आईसाठी एक साडी घेतली.

दिल्लीत मोजणी झाली तेव्हा आपला माणूस पडला, तो पडणारच होता. पण राज्यवार आकडे आले तसा महाराष्ट्राचा आकडा जुळेना. आपल्या पक्षाची काही मतं पलीकडं गेली होती. टीव्हीवर रात्रभर तेच, की महाराष्ट्रात कोण फुटलं. मी तुम्हाला म्हटलं, "कोण असेल हो आबा?" तुम्ही म्हणालात, "कळंल."

आणि मग तो दिवस. बैठकीत पक्षाची मोठी माणसं आली आहेत, तालुक्यातले आहेत, बाहेर ओट्यावरही लोक आहेत. तुम्ही आतल्या दारात येऊन सांगता, "बाई, चहा घेऊन ये. तूच आण." मी ट्रे घेऊन येते. पहिला कप कुणाला द्यावा म्हणून बघते तोवर तुम्ही बोलायला लागता. "साहेब, तुमी नाव विचारलं. मी माझ्या तोंडानं सांगतो. माझीच पोरगी फुटली. वेरूळला देवावर हात ठिवून आली अन् फुटली. ही माझ्या पोटची हाय म्हणून मी लपवणार नाय." मी म्हणते, "आबा, मी नाय ओ केलं." तुम्ही माझ्याकडं बघत नाही. "चहा दे साहेबांना," म्हणता. आणि मी देते. एकेकापुढं वाकून मी सगळ्यांना चहा देते, आणि ते सगळे कप उचलून घेतात. साहेब उठून तुम्हाला मिठी मारतात आणि म्हणतात की असा निष्ठावान माणूस आता मिळायचा नाही.

मत गुप्त होतं, त्यामुळं मला शाबीत काही करता येत नव्हतं. तुम्हालाही करायचं नव्हतं, तुमचा शब्द पुरला. पक्षानं मला काढून टाकलं. मी नावापुरती आमदार राहिले, मुदत संपेपर्यंत एकटी मागच्या बाकावर बसले. पाचोडच्या बाजारात एका म्हातारीनं माझ्या पायाशी थुंकून विचारलं, "किती घेतलं गं?" लोकांचं मी सोसलं असतं. आईचं सोसलं नाही. तिला तुम्ही खोटं बोलाल हे पटणं शक्यच नव्हतं, आणि मी देवापुढं शपथ मोडली हे पाप तिच्या डोळ्यापुढून जाईना. ती साडी तिनं कामाच्या बाईला दिली. माझ्या हातचं खाणं सोडलं. मी औरंगाबादला छावणीत खोली घेऊन वेगळी झाले तेव्हा तिनं अडवलं नाही. तिच्या आजारपणात मी घाटी दवाखान्यात रोज जायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे. शेवटच्या दिवशी तिला पाणी हवं होतं आणि खोलीत मी एकटीच होते. मी चमचा पुढं केला. तिनं तोंड मिटून घेतलं आणि वहिनी खालून येईपर्यंत तसंच मिटून ठेवलं. तुम्ही हे ऐकलंत, वहिनीनंच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत.

आई गेल्यावर तुम्हाला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दादा तोवर अपिलात सुटला होता, त्याला वेळ नव्हता. वहिनीला तुमचं करणं जमेना. म्हणून मग मला बोलावलं, आणि मी आले. मी तुमचं सगळं केलं, आबा, ते सांगत बसत नाही. पण रोज सकाळी तुमचं तोंड पुसून झालं की मी विचारायचे, "आबा, मी मत फोडलं नाही. पटतंय का तुम्हाला? पटत असेल तर डावा हात दाबा." तुमचा डावा हात चांगला होता. त्या हातानं तुम्ही चादर ओढायचात, माशी हाकलायचात. मी हात हातात घेऊन बसायचे. तुम्ही डोळे मिटायचात. मला वाटायचं, अजून राग गेला नाही. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी मऊ आवाजात विचारायचे. तुम्ही गेलात त्या सकाळीसुद्धा विचारलं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, तुमच्या वेळी ते औरंगाबादच होतं. मी छावणीतच राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. काल दादा जेवायला आला. तुमच्या जागेवर आता तो बसतो, तुमच्यासारखाच खांदा वाकडा करून. पुढच्या वेळी त्याच्या पोरीला उभं करायचं म्हणत होता, बायकांच्या जागा राखीव होणार म्हणून, आणि मी स्टेजवर येऊन बसावं अशी त्याची इच्छा होती. मी म्हटलं, "गद्दार बाईला स्टेजवर बसवून तुझं काय भलं होणार?" तो भाकरी मोडत होता. "ते जुनं सोड की आता," म्हणाला. "ते फुटलेले दोघं कोण ते मला माहितीये ना. आबांचीच माणसं. आबांनीच फिरवली होती."

मी वाढता वाढता थांबले. त्यानं वर पाहिलं. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं शेवटी तू जवळ होतीस, कळलं असेल. अगं, माझ्या अपिलासाठी. पलीकडच्यांनी शब्द दिला होता. त्या दोघांवर संशय गेला असता तर धागा आबांपर्यंत आला असता."

"आणि माझं नाव?"

"घरातलंच नाव दिलं की पुढं कुणी शोधत नाही. आबा लई हुशार होते. म्हणून तर आधीच तुला वेरूळला नेलं. शपथ घेतलेली असली की बोभाटा मोठा होतो." हे तो कौतुकानं सांगत होता. मग म्हणाला, "थोडं वरण दे."

मी दिलं. मग विचारलं, "पोरीला सांगितलंस का, तिला कशासाठी उभं करतोयस ते?" तो हसला आणि म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच. संध्याकाळी मीच तिला फोन केला. तुमची नात शिकलेली आहे, पुण्यात वकिली करते, तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आईच्या पाण्यापर्यंत. तिनं मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "आत्या, वाईट झालं तुझ्याबाबतीत. पण आजोबांनी विचार करूनच केलं असेल ना. बाबा सुटले त्यामुळं. नाहीतर आज आपल्याकडं काय असतं?" आणि मग तिनं विचारलं, स्टेजवर येशील ना.

अजून उत्तर दिलेलं नाही. हे लिहून तरी काय करणार आहे, तुम्हाला पोचायचं नाही आणि दादाला दाखवलं तर तो वाचणार नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला उठता येत नाही. काल दादा वरण भुरकत होता तेव्हा मला राग आला असं मी तुमच्या नातीला सांगितलं. राग आला, पण तो नंतर, भांडी घासताना. त्याच्या आधी जे आलं ते मी तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी या समजुतीत जगले होते, की माझ्या बापाला मी खोटी वाटले. तसं नव्हतं. मी खरी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, चहाचा ट्रे हातात होता तेव्हाही, रोज सकाळी डोळे मिटायचात तेव्हाही. हे कळलं, आणि आबा, मला बरं वाटलं.