निम्म्या डिझेलची हकिकत

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी, पाय सध्या तरी कोरड्या जमिनीवर असलेल्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

तिकडे बेटावर आपण आणि ताई खुशाल असालच. ताईची कंबर आता कशी आहे? इकडे आपल्या मातोश्री ठणठणीत आहेत (तिकिटाच्या खोलीतून त्यांनी मारलेली हाक खाडीच्या पलीकडे ऐकू जाते). माझीच तब्येत बरी नाही. जेवण जात नाही, झोप लागत नाही, कारण माझी बढती झाली आहे.

त्याचं असं झालं. मातोश्रींच्या बोटीवर माझी वर्णी लावताना आपण त्यांना ठोकून दिलंत, की आमचा मेहुणा म्हणजे पाण्यातला मासा. भावोजी, मला पोहता येत नाही. परवाना मिळाला तो तोंडी परीक्षेवर, आणि तोंडाने मी कुणाला हार जात नाही. बोटीला दोन इंजिनं, त्यांचा वेग कमीजास्त करायला दोन दांडे. माझ्या आधीचा चालक दोन्ही दांडे पुढे रेटून दहा मिनिटांत खाडी पार करायचा. पहिल्या दिवशी मीही तसंच केलं, तर बोटीचं नाक वर आलं, समोर पाण्याऐवजी आभाळ दिसायला लागलं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो (प्रवाशांना वाटलं, भोंगा वाजला). तेव्हापासून दांडे जेमतेम इंचभर पुढे. भाजीवाल्या बाई आता एका खेपेत टोपलीभर मटार सोलतात.

महिनाअखेर मातोश्रींनी डिझेलची पिंपं पाहिली. आठवड्याला चार जायची, ती दोनवर आली होती. मला बोलावून म्हणाल्या, "कसं जमवलंस रे?" आता "घाबरून" असं कसं सांगणार? मी म्हणालो, "काटकसर." तिथेच माझं चुकलं.

मग काटकसर करून दाखवणं आलं. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडले (त्यासाठी बोट चार दिवस जमिनीवर ओढून ठेवावी लागते, काय सुखाचे दिवस होते ते). वजन कमी म्हणून लोखंडी बाकं उतरवली, प्रवासी उभे राहून मला शिव्या देऊ लागले. पुढे मातोश्री म्हणाल्या, एकच इंजिन चालव. चालवलं. बोट एका अंगाला ओढू लागली आणि सुकाणू उलट दाबून धरता धरता माझे हात भरून आले. शिवाय बंद इंजिनाचा पंखा पाण्यात नुसता आडवा येतो, त्यामुळे डिझेलही फारसं वाचत नाही, असं मिस्त्री म्हणाले. मी लगेच दोन्ही पुन्हा सुरू केली, पण मला पटलेलं कारण वेगळं: दोन चालू असली तर एक बंद पडल्यावर दुसरं उरतं.

काल मातोश्रींनी फर्मान काढलं. सोमवारपासून आपल्या बेटाची फेरी मी करायची, कारण दीपस्तंभापलीकडे डिझेल जास्त जातं आणि ते वाचवणारा मीच. भावोजी, तिथे उघडा समुद्र आहे. लाट आली तर धरायला काठ नाही. मला खरोखर भीती वाटते, हे थट्टेने लिहीत नाही. बाकी ठीक. ताईला नमस्कार सांगा.

आपला मेहुणा

ता. क. पत्राचं मुख्य कारण राहिलंच. मातोश्रींना तातडीने कळवा, की मेहुणा जात्याच उधळ्या आहे, त्याला बेटाची फेरी देऊ नका. लहानपणीचं काहीतरी रचून सांगितलंत तरी चालेल, मी कबूल होईन.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचू नये. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मातोश्री आल्या आणि दार लावून घेतलं. तीस वर्षं बोटीचा धंदा करतात, पण बोटीत एकदाही पाय ठेवलेला नाही. का, ते आज सांगितलं. पाण्याकडे बघितलं तरी त्यांचे हातपाय गार पडतात. म्हणाल्या, "पोराने तिकडे घर बांधून चार वर्षं झाली, मी त्याचा उंबरा पाहिला नाही. डिझेलचं निमित्त होतं रे. तू हळू नेतोस, तू असशील तर येईन म्हणते." मी हो म्हणून बसलो. सोमवारी सकाळी निघतो, पोचायला संध्याकाळ होईल. आपण धक्क्यावर येऊन उभे राहा आणि आम्ही दिसल्यापासून हात हलवत राहा. पाण्याकडे बघायचं नाही म्हटल्यावर आम्हा दोघांनाही कुठेतरी बघायला हवं.