तुम्ही माझ्या नावानं दिलेलं उत्तर

शनिवार, १४ मार्च

जाऊबाई,

थोरल्या आहात, म्हणून आधी नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांची पाळी बदलली, त्यामुळे आता संध्याकाळी घरी असतात आणि टीव्हीचा आवाज मोठा करून माझं डोकं उठवतात.

आजी झालात, अभिनंदन. नात छान आहे. वेळेआधी आली म्हणून अजून काचेच्या पेटीत आहे, पण अंग धरतेय. काल जांभई दिली. हे मला कसं ठाऊक, असं मनात आलं असेल. फोटो माझ्या फोनवर येतात. तुम्ही सूनबाईला फोन करताय आणि ती उचलत नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी वर्ग चालवते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. 'आता हीसुद्धा मास्तरीण झाली' असं तुम्ही म्हणालात, तेही माझ्या कानावर आलंय. वाचनालयानं तळघरातली खोली दिली, दवाखान्यानं सुईणबाई दिल्या, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानं जुने फोन दुरुस्त करून दिले, आणि शिवणकारखान्यातल्या बायकांनी घरोघर जाऊन पोटुशा पोरी गोळा केल्या. सगळ्या आपल्यासारख्याच, दुसऱ्या मुलखातून आलेल्या. इथली भाषा येत नाही, म्हणून दवाखान्याचं सगळं नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या फोनवर. आम्ही त्यांना स्वतःच्या नंबरावर दवाखान्याचं खातं उघडायला शिकवतो. रिपोर्ट कुठे दिसतो, लाल खूण आली तर काय करायचं, दुभाषी मागायचं बटण कुठलं. एकीनं पासवर्ड म्हणून सासूचं नाव ठेवलं. म्हणाली, हे माझ्या तोंडून चुकूनही निघायचं नाही. सुईणबाई डोळे पुसेस्तोवर हसल्या.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी तुमची सूनबाई वर्गाला आली. तुम्हाला न सांगता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

मी विचारलं, "डोकं दुखतं का गं?"

"दुखतं, काकू. पण आई म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं. इथले डॉक्टर उगाच घाबरवतात म्हणे."

शब्द न् शब्द ओळखीचा होता, जाऊबाई. आवाजसुद्धा तुमचाच वाटला.

तेव्हा मनात काय आलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं असतं तर कागदाला हात लावला नसता. वाटलं, गप्प बसावं. चहा द्यावा, गोड बोलावं, घरी पाठवावं. तुम्हालाही कळू दे. कप विसळायच्या निमित्तानं मी बेसिनपाशी उभी राहिले, आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटलं. इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मागे वळले तर ती फोन पुढे करून म्हणाली, "माझ्यात काही दिसतच नाही, काकू. निरोप सगळे आईंच्या फोनवर जातात."

मग मात्र माझे हात थांबेनात. सुईणबाईंनी दवाखान्याच्या बाजूनं नंबर बदलला आणि निरोप धडाधड तिच्या फोनवर उतरले. सर्वांत वरचा त्याच सकाळचा. मी भाषा बदलून दिली. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: रक्तदाब फार वाढला आहे, आजच भरती व्हा. खाली खूण होती, वाचला म्हणून. तुम्ही वाचला होतात.

"आजच म्हणजे आज?" तिनं विचारलं. सुईणबाईंनी तिला तशीच उठवून नेलं. संध्याकाळपर्यंत तुम्हाला नात झाली होती. आणखी एक दिवस गेला असता तर दोघीही हाताला लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती नात मी तुम्हाला दिली आहे. हे विसरू नका. मी विसरू देणारही नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. वर्ग सुरू झाला तेव्हा सराव म्हणून प्रत्येकीनं स्वतःचं जुनं खातं उघडायचं होतं. मीही उघडलं. माझ्या बाळंतपणात भाषा तुम्हाला येत होती, म्हणून नंबर तुमचा. त्या आठवड्यात तुमच्याकडे डब्यांची मोठी ऑर्डर होती. डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना मी ओट्याशी उभी होते, आठवतंय? दवाखान्याचा निरोप तेव्हाच आला होता: आजच या. त्याखाली उत्तर होतं, माझ्या नावानं. 'माझी तब्येत चांगली आहे. पुढच्या आठवड्यात येते.'

मला तेव्हा अक्षरसुद्धा लिहिता येत नव्हतं त्या भाषेत.

इतकी वर्षं तुम्ही सांगत आलात, देवाची मर्जी, तिच्या पोटात ताकदच नव्हती. आणि मी मान खाली घालून तुमच्याच घरी डबे भरत राहिले.

सूनबाई दवाखान्यातून सरळ माझ्याकडे येईल. तुमचा लेकही. त्यानं स्वतः विचारलं, मी नाही. तुम्ही जरूर या, दार बंद करणार नाही. पण बाळाला हात लावायच्या आधी लेकासुनेसमोर माझ्या निरोपाचं आणि त्या उत्तराचं सांगायचं. मी अजून त्यांना काही बोललेले नाही. ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला. जीभ वळली नाही तर फोन तयार ठेवते, नुसतं वाचून दाखवा. अक्षरं मोठी करून ठेवेन, म्हणजे चष्मा विसरल्याची सबब नको.

ऐकताना मी समोर बसणार आहे. चहा करायला उठणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
ज्याचं नाव ठेवायचं राहून गेलं, त्याची आई