उतू चाललेलं दूध

नाशिक, रविवार, डिसेंबर १९९८

आज सूनबाईचं पहिलं नाटक. अमेरिकेतलं जुनं, मराठीत केलेलं, आणि रंगमंचावर दोन खुर्च्यांपलीकडे काही नाही. "बाबा, लोक हसले तर?" म्हणत पोरगी सकाळपासून जेवली नव्हती.

पडदा उघडताच शेजारच्या वत्सलावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सामानाचा टेम्पो विंचूरला अडकला वाटतं!" रांगच्या रांग हसली. सूनबाईला ऐकू गेलं असेल का?

नाटकात आई झालेल्या सूनबाईने रिकाम्या हातांनी दूध तापत ठेवलं आणि ती मुलाशी भांडू लागली. भांडण वाढलं. तेवढ्यात वहिनीच ओरडल्या, "अगं, दूध बघ, उतू चाललं!"

कुणी हसलं नाही. मुलावरची नजर न हलवता तिने मागे हात नेऊन शेगडी बंद केली. नसलेली शेगडी!

येताना रिक्षात वहिनी तिला म्हणाल्या, "वाचलं गं बाई दूध."

घरी आल्या आल्या सूनबाईने ताट वाढून घेतलं.