उशिराचं समीकरण

बाबा, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण माझा राग उतरलेला नाही.

आईची बोटं सकाळी सुजलेली असायची, तिला भाकरी थापता यायची नाही. तुमची पहिली पाळी, गिरणीची गाडी गाठायची घाई. एके दिवशी बुऱ्हाणपुरात, शनवारा मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पिठाची परात पायाने सरकवलीत आणि म्हणालात, "कामाचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही." मी सातवीत होते, तिथेच बसले होते. आई सांडलेलं पीठ गोळा करते आहे. तिच्या गालांवर लाल चट्टे आहेत, आणि तुम्ही त्यांना चुलीची झळ म्हणता. तीन वर्षं तुम्ही तिला मोठ्या डॉक्टरकडे नेलं नाहीत. शेवटी मामाने इंदूरला नेलं. तिचं शरीर रोगाशी लढायचं सोडून स्वतःवरच उलटलंय, असं तिथे कळलं. तोवर किडनी बिघडली होती.

मी आता त्याचंच गणित मांडते. हल्ला करणाऱ्या पेशी आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी, दोन्हींची संख्या रोज कशी बदलते त्याची समीकरणं. आवर जरासा सैल पडला तर शरीर स्वतः सावरतं. पण एका मर्यादेपलीकडे गेलं, की नंतर आवर पूर्वीइतका केला तरी हल्ला थांबत नाही. आलेखावर हल्ल्याची रेषा वर जाऊन तिथेच राहिलेली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला तुमची ती तीन वर्षं आठवली. तुम्ही गिरणीतून आणलेल्या कागदांवरच मी गणित शिकले, हे मला ठाऊक आहे. त्याने ती वर्षं पुसली जात नाहीत.

गेल्या महिन्यात बुऱ्हाणपुरात एका कॉलेजात माझं व्याख्यान झालं. आई पहिल्या रांगेत होती. एका मुलीने विचारलं, मॅडम, या विषयाकडे कशा वळलात? मी म्हणाले, वडिलांमुळे. आईचं दुखणं त्यांना बघवायचं नाही, त्या दुखण्याचं कारण शोध म्हणून तेच माझ्या मागे लागले. टाळ्या पडल्या. परतताना रिक्षात आईने हळूच विचारलं, "खोटं कायले बोलली?"

मी म्हटलं, पोरांना असंच ऐकायला आवडतं. खरं कारण तिला सांगितलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. मी ते खोटं बोलत होते तेवढा वेळ मला तसे वडील होते, आणि मला ते थांबवावंसं वाटत नव्हतं.