उलटं फिरवलेलं रीळ

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुढे जाता आलं नाही, तेव्हा हे लिहिणं तसं दोघांच्याही उपयोगाचं नाही. तरी चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. सून विचारते, कुणाला लिहिताय, तर मी कागद उशीखाली सारतो. एका डोळ्याने दिसत नाही, आणि सारखी धास्ती वाटते की एवढी एक गोष्ट सांगायची राहून जाईल. तिकडे भेटलीस तर तू आधी तेच विचारशील.

तुडीलची ती थंडीतली सकाळ तुला आठवत असणार. माझ्या पाठचा धाकटा पहिल्यांदा मुंबईला गिरणीत चालला होता. मी तेव्हा मुक्या चित्रांच्या तंबूत कामाला होतो, आणि शेठने हाताने फिरवायचा एक कॅमेरा विकत आणला होता. गाव येईल तिथल्याच माणसांचं तीन मिनिटांचं चित्र सकाळी घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनाच दाखवायचं, अशी त्याची रीत. चौथ्या दिवशी तंबू गाड्यांवर चढायचा आणि महाडहून पोलादपूरच्या वाटेला लागायचा. म्हणून सगळं घाईचं. स्वतःला बघायला माणसं कोसकोस चालत यायची. कॅमेरा मी फिरवायचो. शेठ डोक्याशी उभा राहून बजावायचा, "सेकंदाला दोन फेरे. डबीत तीन मिनिटं आहेत, तुझ्या बापाची नाहीत." ते ऐकून ऐकून मी जेवतानासुद्धा मनात फेरे मोजायचो.

त्या खेपेला आपल्या गावचा मचवा चित्रात घ्यायचं ठरलं. नदीवरचं धुकं उठायला आणि ओहोटी लागायला एकच वेळ, आणि ओहोटी लागली की मचवा कुणासाठी थांबत नाही. मी कॅमेरा आपल्या ओटीवर लावला आहे. समोर पायऱ्या, खाली धक्का, मचवा. तू धाकट्याच्या तळहातावर दही घालतेस, तो चाटतो आणि तुझ्या पाया पडून उठतो. तोंड आमच्याकडे, उजेड गालावर. मी हँडल धरून उभा आहे, आणि डोक्यात एवढंच, की आत्ताच सुरू केलं तर मचवा सुटायच्या आत रीळ संपेल आणि शेठ फाडून खाईल.

"दादा, फिरव की," तो म्हणाला. "का माझं थोबाड तुझ्या शेठला चालायचं नाय?"

"गप ऱ्हा. मचव्यात बसलास की वळून बघ."

"वळतो. मुंबईचा साहेब होऊन वळतो."

तो हसत वळला आणि पायऱ्या उतरू लागला. तेव्हा कुठे मी हँडल फिरवलं. पुढे तो काही वळला नाही. खलाशाने त्याला शिडाआड बसवलं, की तो विसरला, मला आजही कळत नाही. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, हे तूच शिकवलेलं. तूही पदर तोंडात धरून उभी होतीस. मग हँडल हलकं लागलं. रीळ संपलं होतं.

रीळ धुवायला आम्ही सवला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो. थंडीत औषध गार पडलं की चित्र उमटत नाही, म्हणून गरम कुंडात घमेली ठेवून, वर ताडपत्री ओढून काम करायचो. आत वाफ आणि लाल काचेचा कंदील. पट्टीवर धाकट्याची पाठ आली, पण धुताना सगळं उलटं दिसतं, पांढरा सदरा काळा आणि काळं डोकं पांढरं. पांढऱ्या डोक्याचं कुणी म्हातारं माणूस पाण्याकडे चाललंय असं वाटलं. मी घाईने पट्टी दुसऱ्या घमेल्यात सोडली.

पुढच्या पावसात मुंबईहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं, धाकटा गेल्याचं. त्याला ताप आला आणि खोलीवरच्या माणसांनी तिकडेच सगळं उरकलं. तू रडली नाहीस. "मी काय बघितलं नाय. न बघता कसं मानू?" एवढंच म्हणायचीस आणि त्याचं ताट मांडायचीस. पुन्हा थंडी आली, तंबू महाडला लागला, आणि तू तुडीलहून चालत येऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. "तुझ्या पेटीत माझा पोर हाय. मला त्याचं तोंड बघायचंय." तोंड त्यात नव्हतं. ते सांगायचा मला धीर झाला नाही.

शेठने खेळाआधीचा थोडा वेळ दिला, बाहेर माणसं जमेपर्यंतचा. रिकाम्या तंबूत तू एकटीच पुढे सतरंजीवर बसलीस. मी रीळ लावलं. पाठ पायऱ्या उतरली, मचव्यात बसली, मचवा वळणाआड गेला.

"हे मला ठावं हाय," तू म्हणालीस. "आता त्याला आण."

रीळ पुन्हा गुंडाळायला वेळ नव्हता, बाहेर माणसं दाटली होती. म्हणून मी यंत्राचं हँडल उलटं फिरवलं. वळणाआडून मचवा मागे मागे आला. वल्ह्यावरून गळलेलं पाणी खालून उडून वल्ह्याला चिकटत होतं. शेजारणीच्या चुलीचा धूर आभाळातून उतरून कौलात शिरत होता. आणि मचव्यातून धाकटा उठला आणि पाठमोराच पायऱ्या चढू लागला. न बघता पाय बरोबर पायरीवर पडत होता. पाठ मोठी होत होती. माझ्या मानेवर काटा आला.

"थांबव जरा."

"थांबवता येत नाय गो आई, थांबवलं की दिव्याच्या धगीनं रीळ पेटतं."

मग तू त्याच्या नावाने हाक मारलीस. तंबू घुमला. मी दचकून म्हणालो, "आई, मागून हाक मारतेस?" तू पडद्यावरून नजर न काढता म्हणालीस, "तो जात नाय आता. येतोय. आता हाक मारलेली चालते." पुन्हा मारलीस. पाठ एवढी झाली की पडद्यावर सदऱ्याशिवाय काही उरलं नाही. तिथे रीळ संपणार होतं, कारण त्याच्या आधीचं मी घेतलंच नव्हतं. पट्टीचं टोक सुटून फडफडलं, पांढरा उजेड तंबूभर पसरला, आणि त्या फडफडीत तू हळूच म्हणालीस, "वळला."

मी दिवा झाकला. तू उठून माझ्याकडे आलीस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, ना आधी ना नंतर.

"बघितलास ना रे? वळला ना?"

"नाय आई. काय नव्हतं. नुसता उजेड होता."

मग, "तू म्हणतोस तर नसंल," म्हणालीस आणि पदर सारखा करून बाहेर पडलीस. त्या दिवसापासून ताट मांडणं बंद झालं. लोक म्हणाले, बरं झालं, मुलाने समजूत काढली. लोक म्हणाले, बरं झालं, मुलाने समजूत काढली.

हा कागद कुठे धाडू? नदीत सोडावा तर ओहोटीची वेळ मला आता कळत नाही, आणि भरतीला सोडला तर परत येईल. तेव्हा राहू दे उशीखालीच. पण एवढं लिहून ठेवतो. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस, पाठ अंगावर आली, तेव्हा मी डोळे गच्च मिटून फेरे मोजत होतो, आणि दिवा झाकला तोही डोळे मिटूनच; उजेड तेवढा पापण्यांआडून कळला. काय नव्हतं म्हणालो खरा, आई. मी पडद्याकडे बघितलंच नव्हतं.