समासातली ओळ

शनिवार, १८ जानेवारी १९८६. बोझमन

बर्फाचे थर तपासायला खणलेला आजचा खड्डा छातीएवढा. वर वाऱ्याने ठोकून बसवलेला बर्फाचा टणक थर, आणि तळाशी हातभर साखरेसारखा सुटा बर्फ — मूठ भरली की बोटांतून गळतो. असल्या साखरेवर तो थर किती दिवस टिकणार? परत फिरताना पायाखाली 'धप्प' झालं आणि आजूबाजूचा सगळा उतार बोटभर खाली बसला. असा उतार कधीही सुटून खाली येतो, हे पुस्तकात वाचलं होतं, आज पायांना कळलं.

माझे गाईड हॅल्व्हरसनसर खाली झाडांपाशी खणत होते. त्यांच्या खड्ड्यात सगळं घट्ट. म्हणाले, पुढच्या शनिवारी हाच उतार ओलांडून वर तापमापकं लावू. "टिम, काही शंका?" टिम म्हणजे मी. 'त्र्यंबक' त्यांच्याने म्हणवत नाही.

"नो, सर." वर मान पण हलवली.

फील्डबुकात इंग्रजीत आकडे भरले. समासात मराठीत लिहिलं — 'इथे धप्प झालं. सरांचा खड्डा चुकीच्या जागी. या उतारावर जाऊ नये.' सरांना मराठी येत नाही. काय शूर आहे मी!

सोमवार, २०

सरांच्या केबिनमध्ये गेलो. लॅबमधला डग त्यांना 'रॉन' म्हणतो, समोर पाय पसरून वाद घालतो. मी "सर, पण—" पर्यंत पोचलो. त्यांनी चष्मा काढून बघितलं. मी प्रिंटरच्या कागदाचं विचारून बाहेर आलो.

नाशिकला अण्णांपुढे 'पण' म्हणायची सोय नव्हती. आणि तीस वर्षं बर्फात काढलेल्या माणसाला मी बर्फ शिकवू? जन्मात पहिला बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा.

गुरुवार, २३

वीस इंच नवा बर्फ. वर वारा. त्या साखरेवर आणखी ओझं.

शुक्रवार, २४

सरांना फोन केला — ताप आलाय, उद्या जमणार नाही. "टेक केअर, टिम." इतकं सोपं.

तोंड उघडायची वेळ होती तेव्हा मिठाची गुळणी धरून बसलो, आणि आता स्वतःपुरती शेपूट घातली. सर आणि डग अनुभवी आहेत, बघून घेतील, असं मनाला सांगतोय. मन ऐकत नाही.

शनिवार, २५. सकाळ

सातला दारात मीनाक्षी. नागपूरची, आमच्याच लॅबमध्ये थंड खोलीत बसून मायक्रोस्कोपखाली बर्फाचे कण बघते. वर्षभर सरांच्या मागे लागली होती, मला डोंगरावर न्या म्हणून. आज नंबर लागला — माझ्या जागी.

"तुझं फील्डबुक दे, बीपर दे, बर्फात गाडले गेले तर सापडायला. आणि हे मेतकूट ठेव. मऊ भात कर अन् झोप. दिसत तर नाहीस आजारी!"

"गोळी घेतली," मी म्हणालो. ब्लँकेट गुंडाळून उभा होतो. जाऊ नकोस — दोनच शब्द होते. खाली हॉर्न वाजला. तिने माझ्या हातातून वही ओढली आणि धावतच जिना उतरली.

दुपार

डिपार्टमेंटला चार वेळा फोन केला, शनिवारी कोण उचलणार. माझ्याकडे गाडी नाही. शेरीफला काय सांगू, खोटा आजारी आहे म्हणून?

दिवाळीला तिच्या आईने चिवडा पाठवला होता, त्यातला निम्मा माझ्या नावाने वेगळा बांधलेला. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.

संध्याकाळ

डगचा फोन. सगळे परत आले.

उताराच्या पायथ्याशी मीनाक्षीने फील्डबुक उघडलं, समास वाचला आणि सरांना तिथल्या तिथे इंग्रजीत सांगितला. सरांनी सगळ्यांना मागे फिरवलं. गाडीपाशी सँडविच खात होते तेव्हा उतार आपोआप सुटला. इकडून तिकडे, सगळाच्या सगळा.

"यू न्यू," डग म्हणाला. तुला माहीत होतं. मी फोन तसाच धरून खाली बसलो. रडलो.

रविवार, २६

मीनाक्षी आली. फील्डबुक टेबलावर ठेवलं, बीपर ठेवला.

"ताप उतरला का?"

"आलाच नव्हता."

"माहीत आहे," म्हणाली आणि मेतकुटाची बाटली उचलून घेऊन गेली.